कोरडे आकडे, ओला बोर्ड: हाय-स्पीड लाइनमधल्या लॉसचं सिम्युलेशन, टप्प्याटप्प्याने

जुलै लागला की मला एकाच छापाची विचारणा येते. "सिम्युलेशनमध्ये आय डायग्राम (बिट एकावर एक रचून काढलेलं डोळ्यासारखं चित्र, उघडं तितका सिग्नल साफ) छान उघडा होता, मे महिन्यात बोर्डही चालला, आता लिंक सारखी तुटते." विचारणारा कुडाळचा असो, चिपळूणचा असो की अलिबागचा, फाइल उघडून बघितली की आत बहुतेक तेच सापडतं. तांबं बिनरोधाचं धरलेलं असतं, मटेरियलचा आकडा भलत्याच फ्रिक्वेन्सीचा असतो आणि रन मारण्याआधी उत्तर साधारण किती यायला हवं हे कोणी कागदावर काढलेलं नसतं. माझाही रत्नागिरीतला एक बोर्ड असाच पहिल्या पावसात बसला, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे. क्रम मोडू नका. अर्ध्याअधिक चुका क्रमाच्याच असतात.

पूर्ण लेखात एकच उदाहरण वापरतो. चार थरांचा एफआर-४ (काच आणि एपॉक्सीचा) सर्किट बोर्ड, वरच्या थरावर मायक्रोस्ट्रिप (खाली ग्राउंडचा थर असलेली तांब्याची पट्टी, म्हणजे ट्रेस), ट्रेसची रुंदी ०.३५ मिमी, खालच्या ग्राउंडपर्यंत ०.२ मिमी प्रीप्रेग (थर चिकटवणारा काच-रेझिनचा पदर), लांबी २० सेंमी, इंपीडन्स (धावत्या सिग्नलचं व्होल्टेज आणि करंट यांचं प्रमाण) ५० ओहमच्या आसपास. डेटा ५ गिगाबिट प्रति सेकंद, म्हणजे नायक्विस्ट फ्रिक्वेन्सी, बिटच्या वेगाच्या निम्मी, २.५ गिगाहर्ट्झ. हिशोब सोपा राहावा म्हणून लाइन एकेरी घेतली आहे. डिफरन्शियल जोडीला (एकमेकांच्या उलट सिग्नल नेणाऱ्या दोन ट्रेसना) लागणारी जादा खबरदारी पाचव्या टप्प्यात येईल.

## आधी एक घोळ मिटवू

पोफळीच्या बागेत पाट सोडला की शेवटच्या आळ्यापर्यंत पाणी कमी पोचतं, त्याला दोन वेगळी कारणं असतात. एकतर ते वाटेत जमिनीत मुरतं, नाहीतर मध्ये कुठेतरी दगड पडलेला असतो आणि पाणी मागे तुंबतं. लाइनमधला लॉस म्हणजे मुरणं: तांब्यात आणि डायलेक्ट्रिकमध्ये ऊर्जेची उष्णता होते. रिफ्लेक्शन म्हणजे तुंबणं: इंपीडन्स बदलला की सिग्नल परततो. एस-२१ च्या आलेखात (एका टोकाला घातलेला सिग्नल दुसऱ्या टोकाला किती पोचला, ते डीबीमध्ये) दोन्ही एकत्र दिसतात. कोणतं किती आहे हे न बघता "लॉस जास्त येतोय, महागडं मटेरियल घेऊ" असं ठरवणं म्हणजे दगड तसाच ठेवून पाट सिमेंटचा करणं.

## टप्पा १: सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागद भरा

याला एक दिवस लागला तरी लागू दे. पुढच्या गोष्टी लेखी हव्यात आणि त्या बोर्ड बनवणाऱ्याकडून हव्यात. नेटवर सापडलेल्या तक्त्यातून नकोत.

मटेरियलचं नेमकं नाव. "एफआर-४" हे नाव नाही, ती जात आहे. आंब्याच्या पेटीवर नुसतं "आंबा" लिहिल्यासारखं ते होतं. लॅमिनेटचा ग्रेड विचारा आणि प्रीप्रेगची काच कोणती तेही विचारा. १०८० मध्ये रेझिन जास्त असतं, ७६२८ मध्ये काच जास्त. त्यामुळे एकाच कंपनीच्या एकाच ग्रेडमध्येही डीके (डायलेक्ट्रिक स्थिरांक) बदलतो.

डीके आणि डीएफ, फ्रिक्वेन्सीसकट. डीएफ म्हणजे लॉस टॅन्जंट, मटेरियल किती ऊर्जा गिळतं त्याचा आकडा. डेटाशीटमध्ये १ मेगाहर्ट्झ, १ गिगाहर्ट्झ आणि १० गिगाहर्ट्झ अशा वेगवेगळ्या ओळी असतात. पहिली दिसेल ती उचलायची नाही. आपल्या नायक्विस्टच्या जवळची ओळ घ्या आणि कोणत्या फ्रिक्वेन्सीचा आकडा घेतला ते शेजारी लिहा. उदाहरणासाठी मी डीके ४.३ आणि डीएफ ०.०२ धरतो.

तांब्याचा खडबडीतपणा. फॉइलच्या डेटाशीटमध्ये बहुधा आर-झेड असतो, म्हणजे शिखर ते दरी. सूत्रांना बहुधा आर-क्यू लागतो, म्हणजे आरएमएस. हे दोन आकडे काही पटींनी वेगळे असतात. आर-क्यूच्या रकान्यात आर-झेड टाकला की हॅमरस्टॅडचं सूत्र (खडबडीतपणामुळे तांब्याचा लॉस किती पट होतो ते सांगणारं) लगेच आपल्या कमाल मर्यादेला, दुप्पटीला, जाऊन चिकटतं. मग लॉस अवाच्या सवा येतो आणि दोष मटेरियलवर जातो.

ट्रेसचा खरा छेद. एचिंगनंतर ट्रेस चौकोनी राहत नाही, वर अरुंद आणि खाली रुंद असा होतो. वरून सोल्डर मास्क येतो, तो इंपीडन्स ओहम-दोन ओहमने खाली खेचतो. ट्रेस मास्कविना उघडा ठेवून त्यावर निकेल-सोन्याचा फिनिश दिला असेल तर तेही नोंदवा. निकेल चुंबकीय असतं आणि तांब्यापेक्षा रोधही जास्त, त्यामुळे कडांवरून धावणाऱ्या करंटला ते महाग पडतं.

> तपासा: सगळी मापं एकाच एककात आहेत का? फॅब, म्हणजे बोर्ड बनवणारा, मिलमध्ये (इंचाच्या हजाराव्या भागात) बोलतो, आपण मिमीमध्ये काढतो आणि लॉस कुठे प्रति इंच तर कुठे प्रति सेंमी दिलेला असतो. अडीच पटींची चूक इथूनच येते.

## टप्पा २: उत्तर आधी हाताने काढा

हा टप्पा सगळे गाळतात. मी तो गाळू देत नाही, कारण सॉफ्टवेअरचं उत्तर चूक आहे हे ओळखण्याचं दुसरं साधन हाताशी नसतं.

डायलेक्ट्रिकचा हिस्सा. प्रति सेंमी डीबी = ०.९१ × गिगाहर्ट्झ × डीएफ × डीकेचं वर्गमूळ. हे स्ट्रिपलाइनसाठी, म्हणजे दोन ग्राउंडच्या मध्ये गाडलेल्या ट्रेससाठी. मायक्रोस्ट्रिपमध्ये काही फील्ड हवेत असतं, म्हणून आकडा थोडा उतरतो. आपल्या लाइनचा इफेक्टिव्ह डीके (हवा आणि बोर्ड मिळून सिग्नलला जाणवणारा) सुमारे ३.२५ येतो, आणि ती दुरुस्ती धरून डीकेच्या वर्गमूळाच्या जागी २.०७ ऐवजी साधारण १.६३ येतात. ०.९१ × २.५ × ०.०२ × १.६३ = ०.०७४ डीबी प्रति सेंमी. २० सेंमीला सुमारे १.५ डीबी.

तांब्याचा हिस्सा. तांब्यातली स्किन डेप्थ १ गिगाहर्ट्झला २.१ मायक्रॉन, २.५ गिगाहर्ट्झला १.३ मायक्रॉन. ट्रेस ३५ मायक्रॉन जाड असला तरी करंट सालीवरूनच धावतो. २.५ गिगाहर्ट्झला पृष्ठरोध सुमारे १३ मिलिओहम प्रति चौरस. भागिले ०.३५ मिमी, म्हणजे ३७ ओहम प्रति मीटर. ग्राउंडमधून परतणाऱ्या करंटचे अंदाजे ३० टक्के वर धरले की ४९ च्या आसपास. लॉस प्रति मीटर = ४.३४ × रोध ÷ इंपीडन्स, म्हणजे सव्वाचार डीबी. २० सेंमीला ०.८५ डीबी, तेही गुळगुळीत तांब्याला. आर-क्यू १ मायक्रॉन धरला तर हॅमरस्टॅड सुमारे १.४ ने गुणायला सांगतो, म्हणजे १.२ डीबी.

बेरीज: पावणेतीन डीबी, म्हणजे शेवटी व्होल्टेज साधारण ७३ टक्के उरतं. हाच हिशोब तिसऱ्या हार्मोनिकला, ७.५ गिगाहर्ट्झला केला तर डायलेक्ट्रिकचे साडेचार आणि तांब्याचे अडीच असे सात डीबी होतात. कडा गोल का होतात याचं उत्तर या फरकात आहे.

आणखी दोन आकडे काढून ठेवा. विलंब: सुमारे ६ पिकोसेकंद प्रति मिमी, २० सेंमीला १.२ नॅनोसेकंद. डीसी रोध: ०.२८ ओहम. हे चार आकडे मॉनिटरच्या कडेला चिकटवा. पुढे प्रत्येक टप्प्यावर ते लागणार आहेत.

## टप्पा ३: लाइनचं मॉडेल छेदावरून बनवा

२० सेंमीची सरळ लाइन थ्री-डी सॉल्व्हरमध्ये घालून रात्रभर चालवायची गरज नाही. आपल्याकडे पावसाळ्यात ते शहाणपणाचंही नाही. पहाटे चारला वीज जाते आणि नव्वद टक्क्यांवर आलेला रन हातचा जातो. लाइन लांबीभर सारखीच असते, तेव्हा तिचा छेद सोडवा आणि लांबीने वाढवा. टू-डी फील्ड सॉल्व्हर असेल तर उत्तम. नसेल तर पायथॉनमधली सायकिट-आरएफ ही मोफत लायब्ररी अंदाजासाठी पुरते. तिच्यातला मायक्रोस्ट्रिपचा क्लास खडबडीतपणा आरएमएसमध्ये, मीटरमध्ये मागतो. रोधकता आणि लॉस टॅन्जंटचे रकाने मात्र रिकामे सोडू नका. सोडलेत तर लॉस पूर्ण धरला जाईलच असं नाही.

डायलेक्ट्रिकचं मॉडेल निवडताना "स्थिर डीके, स्थिर डीएफ" हा पर्याय सोपा वाटतो, पण तो भौतिकशास्त्राला धरून नाही. लॉस असेल तर डीके फ्रिक्वेन्सीबरोबर उतरायलाच हवा, दोन्ही एकमेकांना बांधलेले आहेत. ही गाठ मोडली की टाइम डोमेनमध्ये सिग्नल निघण्याआधीच पोचायला लागतो. वाइडबँड डिबाय हे मॉडेल निवडा, काही ठिकाणी ते जोर्जेविच यांच्या नावाने दिसेल. त्यात डीके-डीएफ कोणत्या फ्रिक्वेन्सीचे आहेत ते विचारतात. पहिल्या टप्प्यात शेजारी लिहून ठेवलेला आकडा इथे लागतो.

### स्पाइसवाल्यांसाठी वेगळा इशारा

एनजीस्पाइस या मोफत सर्किट सिम्युलेटरमधला टी घटक बिनलॉसचा आहे. त्याने फक्त विलंब आणि रिफ्लेक्शन मिळतं. ओ घटकात लॉस असतो, पण रोध फ्रिक्वेन्सीनुसार बदलत नाही, आणि मालिकेतला रोध आणि डायलेक्ट्रिकची गळती दोन्ही एकत्र भरली तर उत्तर चुकतं. त्यात डीसी रोध भरला तर १.४ ओहम प्रति मीटर जातो, तर २.५ गिगाहर्ट्झचा खरा आकडा ४९ आहे. असा आय डायग्राम हसराच दिसणार! स्पाइसमध्ये काम करायचंच असेल तर एस-पॅरामीटरवरून (एस-२१ सारख्या आकड्यांच्या फाइलवरून) बनवलेलं मॉडेल घाला.

> तपासा: २.५ गिगाहर्ट्झला एस-२१ उणे २.७ डीबीच्या आसपास आहे का? १० ते २० टक्के फरक चालेल. निम्मा आला तर एखादा लॉस बंद राहिला आहे. दुप्पट आला तर आर-झेड किंवा इंच-सेंमी बघा.

## टप्पा ४: थ्री-डी फक्त वळणं, व्हाया आणि कनेक्टर यांच्यासाठी

जिथे छेद बदलतो तेवढाच भाग थ्री-डीमध्ये घ्या. व्हाया म्हणजे दोन थर जोडणारं तांब्याचं भोक. ओपनईएमएस हा थ्री-डी सॉल्व्हर मोफत आहे आणि चांगलं आहे, पण त्यात तीन खड्डे आहेत. तिन्हीत मी पडलो आहे.

पहिला, धातू. साधा "मेटल" म्हणजे आदर्श वाहक, तांब्याचा लॉस शून्य. तांबं खरोखरीच्या जाडीचं काढून मेशने (जागेचे बारीक तुकडे पाडणाऱ्या जाळीने) सोडवायला गेलात तर सव्वा मायक्रॉनच्या स्किन डेप्थमध्ये मेश बसवता बसवता मशीन गुडघे टेकेल. त्यासाठी कंडक्टिंग शीट हा प्रकार आहे, त्यात वाहकता आणि जाडी भरायची.

दुसरा जास्त फसवा आहे. डायलेक्ट्रिकचा लॉस तिथे बहुतेक जण वाहकता म्हणून भरतात. २.५ गिगाहर्ट्झला डीएफ ०.०२ साठी ती ०.०१२ सीमेन्स प्रति मीटर येते. हा आकडा त्या एकाच फ्रिक्वेन्सीला खरा आहे. ७.५ गिगाहर्ट्झला त्याचा अर्थ डीएफ ०.००६७ असा होतो, कारण स्थिर वाहकतेचा लॉस टॅन्जंट फ्रिक्वेन्सी वाढेल तसा घटत जातो. साडेचार डीबी यायच्या जागी दीडच दिसतो. तीन डीबी कागदावरून गायब! म्हणूनच लांब लाइन इथे सोडवायची नाही. १० मिमीच्या तुकड्यात ही चूक नगण्य राहते.

तिसरा, मेश. १५ गिगाहर्ट्झला डायलेक्ट्रिकमधली तरंगलांबी साडेनऊ मिमीच्या वर आहे. तिचा विसावा भाग म्हणजे जवळपास अर्धा मिमी, आणि आपला प्रीप्रेगच ०.२ मिमी. तरंगलांबीच्या हिशोबावर विसंबू नका, प्रीप्रेगच्या उंचीत निदान चार-पाच पेशी बसवा आणि ट्रेसच्या कडेला मेश दाट करा. मग मेश आणखी बारीक करून पुन्हा चालवा. उत्तर हललं तर पहिलं उत्तर नव्हतंच.

व्हायाचा लोंबता तुकडा, म्हणजे स्टब, लॉस नाही. तो चतुर्थांश तरंगलांबीला एस-२१ मध्ये खोल खड्डा पाडतो. ३ मिमीच्या स्टबला तो सुमारे १२ गिगाहर्ट्झला पडतो. आपल्या १.६ मिमीच्या बोर्डावर ५ गिगाबिटला त्यापायी झोप उडवून घेऊ नका.

## टप्पा ५: तुकडे जोडा, फाइल तपासा

फ्रिक्वेन्सीची पट्टी १० मेगाहर्ट्झ ते १५ गिगाहर्ट्झ, पायरी १० मेगाहर्ट्झ. पायरी मोठी घेतली तर टाइम डोमेनची खिडकी लहान होते. १० मेगाहर्ट्झला ती १०० नॅनोसेकंदांची मिळते, आपल्या १.२ नॅनोसेकंदांच्या लाइनला ऐसपैस. डीसीचा बिंदू सॉफ्टवेअरच्या अंदाजावर सोडू नका, स्वतः भरा. ०.२८ ओहमला एस-२१ उणे ०.०२ डीबी यायला हवा.

मग फाइल पुढे देण्याआधी बघायचं ते असं. एस-२१ कुठेही शून्य डीबीच्या वर जाता कामा नये. निष्क्रिय लाइन ऊर्जा निर्माण करत नाही. स्टेप रिस्पॉन्स १.२ नॅनोसेकंदांच्या आधी हलता कामा नये. आणि एस-२१ वर लाटा दिसत असतील तर दोन शिखरांमधलं अंतर मोजा. ते ४१५ मेगाहर्ट्झच्या जवळ असेल तर लाइनच्या दोन टोकांमध्ये सिग्नल ये-जा करतो आहे: तुंबणं, मुरणं नव्हे. आधी इंपीडन्स दुरुस्त करा, लॉसबद्दल नंतर बोलू.

डिफरन्शियल जोडी असेल तर चार पोर्टची फाइल येते आणि इथे हमखास पाय घसरतो. काही साधनं एका ट्रेसच्या दोन टोकांना १ आणि २ म्हणतात, काही १ आणि ३. क्रम उलटा वाचला गेला तर "लाइनमधून काहीच जात नाही, शेजारी मात्र सगळं जातं" असं चित्र दिसतं. सर्वात कमी फ्रिक्वेन्सीला कोणता एस-पॅरामीटर शून्य डीबीच्या जवळ आहे ते बघा, तीच तुमची सरळ जोडी.

## टप्पा ६: आय डायग्राम

इथे सांगण्यासारखं थोडंच आहे. ट्रान्समीटरचा खरा राइज टाइम द्या, आदर्श चौकोनी लाट देऊ नका. बिट पुरेसे चालवा. रिसीव्हरमध्ये इक्वलायझर (लाइनचा लॉस भरून काढणारं सर्किट) असेल तर तो बंद ठेवून एकदा आणि चालू ठेवून एकदा बघा. फक्त चालू ठेवून बघितलं की लाइन किती वाईट आहे ते कळतच नाही.

## टप्पा ७: पावसाळ्याचा रन

डेटाशीटचे आकडे ठरावीक परिस्थितीत तयार केलेल्या नमुन्याचे असतात. आपला बोर्ड जून ते सप्टेंबर बंदराजवळच्या खोक्यात काढतो. एपॉक्सी पाणी शोषतं. पाण्याचा डीके खोलीच्या तापमानाला ८० च्या घरात, म्हणजे टक्क्याच्या दहाव्या भागाएवढं पाणी शिरलं तरी डीके आणि त्याहून जास्त डीएफ वर सरकतो. त्यात खोकं तापलेलं. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. २५ वरून ६५ अंशांना गेलं की तांब्याचा लॉस सात-आठ टक्के चढतो.

माझी पद्धत: त्याच मॉडेलच्या तीन प्रती. कोरडा, ओला आणि ओला-गरम. ओल्यात मी डीएफ २५ टक्के वर धरतो. ही माझी सवय आहे, प्रमाण नव्हे. आपल्या लाइनवर तिचा अर्थ २.५ गिगाहर्ट्झला आणखी ०.३७ डीबी. वाचायला किरकोळ वाटतं, पण ज्याची मार्जिन मेमध्येच अर्ध्या डीबीची होती त्याला विचारा. माझा बोर्ड यातच गेला. कोरड्या रनवर खूश होऊन मी लाइन ६ सेंमी लांब नेली होती, केवळ कनेक्टर खोक्याच्या बरोबर मध्यावर दिसावा म्हणून.

> इशारा: ओलावा टाळायला वरून कॉन्फॉर्मल कोटिंग मारणार असाल तर तो थर मॉडेलमध्येही घाला. मायक्रोस्ट्रिपवर आलेला कोणताही थर इंपीडन्स खाली ओढतो. आणि ओला बोर्ड तसाच कोट केला तर पाणी आतच कोंडलं जाईल.

## टप्पा ८: मोजून जुळवा

बोर्डाच्या कडेला दोन चाचणी लाइन ठेवा, ५ सेंमी आणि २० सेंमी, दोन्हीला सारखेच कनेक्टर. दोघींचा लॉस वजा केला की कनेक्टर बाद होतात आणि १५ सेंमीचा निखळ लॉस उरतो. आपल्या हिशोबाने २.५ गिगाहर्ट्झला तो दोन डीबीच्या आसपास यायला हवा. ३ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा नॅनोव्हीएनए व्ही-२ (एस-२१ मोजणारं छोटं यंत्र) एवढ्याला पुरतो. कॅलिब्रेशन मोजणीच्याच पट्टीवर, केबल जोडलेल्या स्थितीत करा. पट्टी बदलली की पुन्हा करा. ०.१ डीबीवरून वाद घालू नका, तेवढं कनेक्टर पुन्हा पिळताना हलतं.

जुळवताना क्रम असा ठेवा. आधी फेजवरून डीके जुळवा. मग लॉसला फ्रिक्वेन्सीच्या वर्गमूळाने भागा आणि तो आकडा वर्गमूळासमोर काढा. साधारण सरळ रेघ येते. रेघ शून्यापाशी जिथे छेदते तो तांब्याचा हिस्सा, तिचा चढ डायलेक्ट्रिकचा. खडबडीतपणा या चढात थोडी भेसळ करतो, म्हणून फॉइलचा आकडा धरून ठेवा आणि आधी फक्त डीएफ हलवा. दोन्ही एकदम हलवले तर काहीही कशालाही जुळवता येतं.

डीएफ पावसात किती वाढतो हे मला विचारू नका, स्वतः मोजा. बोर्ड जुलैत आहे तसा मोजा, मग १०५ ते १२५ अंशांच्या ओव्हनमध्ये काही तास वाळवा, थंड करून लगेच पुन्हा मोजा. घरच्या केकच्या ओव्हनचा काटा भरवशाचा नसतो, थर्मोकपल लावा. ओएसपी (तांब्यावरचा सेंद्रिय लेप) किंवा टिनचा फिनिश असेल तर सोल्डरिंग बाकी असलेला बोर्ड असा भाजू नका, पॅड खराब होतात. वाळवण्याआधी आणि नंतर बोर्डाचं वजनही करा. ६० ग्रॅमच्या बोर्डाने ०.१ टक्का पाणी प्यायलं असेल तर ६० मिलिग्रॅमचा फरक पडतो. तेवढा सोनाराच्या काट्यावर स्पष्ट दिसतो. आमच्या आळीतला सोनार आता मला बघितलं की विचारण्याआधीच काटा शून्यावर आणतो.

वाळवलेले बोर्ड सिलिका जेलसकट सीलबंद पिशवीत ठेवा. तसं जमत नसेल तर कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी आपण करतो तसं, कपाटात बल्ब. आणि मोजणीच्या प्रत्येक फाइलच्या नावात लाइनची लांबी, तारीख आणि "ओला" की "भाजलेला" एवढं लिहा. माझ्या जुन्या फोल्डरमध्ये "फायनल", "फायनल-२" आणि "फायनल-खरा" अशा तीन फाइल आहेत. त्यातली पावसातली कोणती, हे आज मलाही सांगता येत नाही.